टर्नअगेनची खाडी : तुमची पत्रं, माझी उत्तरं

मार्चच्या अंकात मी अलास्कातल्या टर्नअगेन आर्मवर चार पानं लिहिली होती. लेक-जावई अँकरेजला राहतात. गेली अकरा वर्षं दर उन्हाळ्यात मी दोन महिने त्यांच्याकडे असते, एकदा डिसेंबरातही राहून आले. त्याआधी चिपळूणला एकतीस वर्षं भूगोल शिकवला. संपादकांनी तुमच्या पत्रांचा गठ्ठा पाठवला तेव्हा खरंच भरून आलं. कित्येक पत्रं ‘बाई’ म्हणून सुरू होणारी, म्हणजे माझ्याच वर्गातल्या मुलांची. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

लेखात तुम्ही कधी ‘खाडी’ म्हणता, कधी ‘आर्म’, कधी ‘इन्लेट’. आम्ही नक्की काय समजायचं? (एक वाचक, खेर्डी)

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तर पॅसिफिकच्या वरच्या टोकाला अलास्काचं आखात. तिथून समुद्राचा एक लांबच लांब फाटा जमिनीत शिरतो, साधारण 290 किलोमीटर आत. तो कुक इन्लेट. त्याच्या टोकाशी अँकरेज शहर, आणि शहराच्या दोन बाजूंनी त्या फाट्याचे पुन्हा दोन फाटे होतात. उत्तरेकडचा निक आर्म, पूर्वेकडचा टर्नअगेन आर्म. हा दुसरा सत्तरेक किलोमीटर लांब, आणि आत जावं तसा अरुंद होत जाणारा. मी लिहिलं ते त्याच्याबद्दल.

आता शब्द. आपली खाडी म्हणजे बुडालेलं नदीचं खोरं. चिपळूणला जी वाशिष्ठी, तीच दाभोळला पोचेपर्यंत दाभोळची खाडी होते. गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत भरतीचं पाणी येतं, तिथून खाली तिला नदी म्हणावं की खाडी यावर आमच्याकडे दोन मतं आजही ऐकू येतात. टर्नअगेनचं खोरं मात्र नदीनं नाही, हिमनदीनं कोरलेलं. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे त्याला फ्योर्ड म्हणायला हवं. पण नॉर्वेतले फ्योर्ड अथांग खोल आणि हा ओहोटीला मैलोन् मैल उघडा पडतो, कारण हिमनद्यांनी दळून आणलेल्या गाळानं तो भरत आला आहे. डावीकडे चुगाच पर्वत रस्त्याच्या कडेपासूनच सरळ उभा, पलीकडे केनाईचे डोंगर, मध्ये करड्या गाळाचं मैदान आणि त्यातून वळणं घेत जाणारे पाण्याचे पट्टे. ओहोटीला तळ दाखवणाऱ्या पाण्याला कोकणातल्या माणसाच्या तोंडी ‘खाडी’ हाच शब्द येणार. तो मी जाणूनबुजून वापरला आणि पुढेही वापरणार.

‘टर्नअगेन’ म्हणजे ‘पुन्हा वळा’. कोण वळलं, आणि कशासाठी? हेच नाव तिथल्या मूळ लोकांचंही आहे का? (पुणे, दापोली आणि नाशिकहून आलेली पत्रं)

वळला तो कॅप्टन जेम्स कुक. 1778 च्या मे महिन्याच्या अखेरीस ‘रेझोल्यूशन’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही दोन जहाजं घेऊन तो या इन्लेटमध्ये शिरला. अमेरिकेच्या डोक्यावरून अटलांटिकला जाणारी वाट शोधायची हा त्याच्या तिसऱ्या सफरीचा हेतू. पाणी आत आत जात होतं, त्यामुळे आशा वाटत होती. पण पाणी गढूळ होत गेलं, गोडं लागायला लागलं, झाडांचे ओंडके वाहत येताना दिसले. ‘रेझोल्यूशन’वरचा मास्टर, म्हणजे जहाजाची दिशा सांभाळणारा अधिकारी, विल्यम ब्लाय त्या वेळी 23 वर्षांचा होता. अकरा वर्षांनी ‘बाउंटी’ जहाजावर ज्याच्याविरुद्ध बंड झालं तोच हा. होड्या घेऊन उत्तरेचा फाटा तपासला, तिथे नदी. पूर्वेच्या फाट्याकडे वळले, तर तिथेही पुढे वाट नाही, आणि वर ही भयंकर भरती-ओहोटी. परत फिरावं लागलं. कुकनं लिहून ठेवलं ‘रिव्हर टर्नअगेन’. नाव ब्लायनं सुचवलं असं तिथे सांगतात. 1 जूनला लेफ्टनंट जेम्स किंग एका टोकावर उतरला, जमीन इंग्लंडच्या राजाची म्हणून जाहीर केली आणि कागद घातलेली बाटली पुरली. त्या टोकाचं नाव आजही पॉइंट पझेशन, म्हणजे ताबा घेतल्याचं टोक.

कुक पुढच्याच वर्षी हवाईत मारला गेला. त्याच सफरीत ‘डिस्कव्हरी’वर जॉर्ज व्हॅनकूव्हर नावाचा एक पोरगेला मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, होता. तो 1794 मध्ये स्वतः कॅप्टन होऊन इथे आला, फाटे टोकापर्यंत मोजले आणि ही नदी नाही असं ठरवून ‘कुक्स रिव्हर’चं ‘कुक्स इन्लेट’ केलं. एकेकाळी ज्या जहाजावर शिकत होता त्या सफरीची चूक त्यानं सोळा वर्षांनी दुरुस्त केली.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त मोलाचा वाटतो. तिथले मूळ लोक देनाइना. अँकरेजची जमीन त्यांची. कुक इन्लेटला त्यांच्या भाषेत टिकाहट्नू म्हणतात, अर्थ ‘मोठ्या पाण्याची नदी’. शेवटचा ‘ट्नू’ म्हणजे नदी. जरा थांबून बघा : व्हॅनकूव्हरनं जी चूक म्हणून खोडली, ती चूक शेकडो वर्षं तिथे राहणारे लोकही करत होते का? मुळीच नाही. हे पाणी वाहतं. सहा तास वर, सहा तास खाली, होडी ओढून नेईल अशा जोरानं. त्या पाण्यावर होडी घालणाऱ्याच्या दृष्टीनं ती नदीच, फक्त दिशा बदलणारी. आणि टर्नअगेन आर्मला ते म्हणतात तुत्लुह, म्हणजे ‘मागचं पाणी’. दाभोळच्या माणसाला कुठल्याही आडखाडीबद्दल हाच शब्द सुचला असता.

परत फिरलेल्यानं दिलेलं नाव नकाशावर बसलं, राहिलेल्यांचं नाव पुसलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता अँकरेजमध्ये काही ठिकाणी देनाइना नावांचे उंच खांब उभे केलेत. नातवाला घेऊन मी त्यातले तीन पाहिले, तो नावं मोठ्यानं वाचत होता. नावांचा वाद तिथे काही जुना झालेला नाही. शहरातून स्वच्छ दिवशी जो सर्वोच्च पर्वत दिसतो त्याचं सरकारी नाव 2015 मध्ये मॅकिन्लेचं देनाली झालं आणि 2025 मध्ये केंद्र सरकारनं पुन्हा मॅकिन्ले केलं. गावातल्या लोकांच्या तोंडी मी देनालीच ऐकलं.

आम्ही तिथीवरून भरतीची वेळ काढतो. तुमच्या त्या खाडीत आमचा हिशेब चालेल का? आणि पाण्याची भिंत येते म्हणता ते काय? (एक मच्छीमार, हर्णै)

तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे. इतर वाचकांसाठी सांगते : आपल्याकडे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. यामागे साधी गोष्ट आहे, चंद्र रोज उशिरा येतो म्हणून भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते.

हे पुढे सरकणं तिथेही तसंच. पुनव-अवसेला उधाण (सगळ्यात मोठी भरती), अष्टमीला भांग (कमी चढणारी भरती), हेही तसंच. पण पाऊणपटीचा आकडा तिथे जुळणार नाही, कारण समुद्राची भरती आत पोचायला प्रत्येक किनाऱ्याला आपापला वेळ लागतो, आणि आपलं गणित आपल्या किनाऱ्यावर बसवलेलं आहे. तिथे मासे विकणाऱ्या दुकानातही भरतीचं छोटं छापील वेळापत्रक मिळतं. ते खिशात नसेल तर जावई गाडी बाहेर काढत नाहीत.

आता पाणी किती चढतं ते बघा. मुंबईला उधाणाला पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. खंबातच्या आखातात, भावनगरकडे, दहाच्या आसपास. अँकरेजला रोजचाच फरक 8 ते 9 मीटर आणि उधाणाला 11 मीटरच्याही पुढे. म्हणजे तिमजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि दोनदा उघडी पडते. कारण इन्लेटची लांबी आणि खोली. ओटीवरच्या झोपाळ्याला त्याच्या लयीत हात लावला की थोडक्या जोरात तो उंच जातो ना, तसं आहे. या इन्लेटमधलं पाणी आत-बाहेर हेलकावायला जेवढा वेळ घेतं, तो भरतीच्या साडेबारा तासांच्या चक्राच्या जवळ जातो. त्यामुळे प्रत्येक भरती आधीच्या हेलकाव्याला ढकलते.

आणि भिंत. टर्नअगेन उथळ, वर निमुळता. ओहोटीचं पाणी अजून बाहेर येत असतं तोवर भरतीचं पाणी तोंडाशी दाटतं आणि मग एक लाट होऊन त्याच्यावर चढून आत निघतं. तिला बोअर टाइड म्हणतात. हुगळीत हीच गोष्ट होते, तिथे तिला ‘बान’ म्हणतात. टर्नअगेनची लाट कधी गुडघाभर, चांगल्या उधाणाला दोन-तीन मीटरपर्यंत, वेग ताशी 16 ते 24 किलोमीटर.

गेल्या जुलैत अमावस्येनंतर दुसऱ्या दिवशी आम्ही बर्ड पॉइंटला थांबलो होतो. अँकरेजच्या ओहोटीनंतर बऱ्याच वेळानं लाट तिथे पोचते. अलीकडच्या बेलुगा पॉइंटला ती त्याआधी येते. वारा असेल तर वेळ हलते, म्हणून अर्धा तास आधी गेलो. खाली गाळाचे पट्टे, मधली धार संथ, आमच्या डाव्या हाताकडून उजवीकडे, म्हणजे समुद्राकडे, सरकणारी. आधी पक्षी उठले. मग उजवीकडे लांब एक पांढरी रेघ, खडूनं ओढल्यासारखी, या काठापासून त्या काठापर्यंत. आवाज नंतर आला, लांबून मालगाडी यावी तसा. रेघ जवळ आली तेव्हा कळलं की ती एक सलग लाट नाही, कडेला फुटते आहे, मध्ये नुसती काचेसारखी उचललेली आहे. तिच्यावर जाड रबरी पोशाखातले चौघेजण फळीवर उभे होते. समुद्रावर लाटेवर स्वार व्हायला काही सेकंद मिळतात, इथे एकच लाट कितीतरी मिनिटं घेऊन जाते. त्यांच्या मागोमाग एका सीलचं डोकं. लाट पुढे गेली तरी पाणी थांबलं नाही. मी घड्याळ लावलं होतं : ज्या वाळूच्या पट्ट्यावर एक गरुड बसला होता तो बाराव्या मिनिटाला दिसेनासा झाला. आणि मघाची धार आता डोंगरांकडे वाहत होती.

फळीवाल्यांचं बघून कुणी उतरू नये. पाणी बर्फासारखं थंड असतं, आणि ती मंडळी ती खाडी वर्षानुवर्षं ओळखणारी आहेत.

आमच्याकडे बायका ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, कालवं काढतात. गुडघ्यापर्यंत पाय जातो, निघतो. तिथल्या चिखलाला तुम्ही एवढं का घाबरता? (एक वाचक भगिनी, असगोली)

ताई, घाबरतेच, आणि तुम्हीही घाबरावं अशी माझी इच्छा आहे. या उत्तरासाठी मला सगळ्यात जास्त जागा हवी होती.

आपल्या खाडीचा चिखल मऊ, कुजलेल्या पाल्याचा, खारफुटीच्या मुळांनी आणि शिंपल्यांनी धरून ठेवलेला. खाली बहुधा वाळूचा किंवा दगडाचा आधार लागतो. टर्नअगेनचा गाळ म्हणजे हिमनदीनं खडक घासून काढलेली पिठी. कण बारीक पण धारदार कोनांचे. ते एकमेकांवर सैल रचलेले असतात आणि मधल्या फटींत पाणी. वरून बघाल तर ओली सिमेंटची जमीन, कडक वाटावी अशी. पाय ठेवला की रचना मोडते, पाणी बाहेर जातं आणि कण पायाभोवती घट्ट बसतात. जेवढं ओढाल तेवढी खाली पोकळी होऊन ते आणखी आवळतात. सुटायचा उपाय एकच, त्या कणांमध्ये पुन्हा पाणी घालणं. तिथलं अग्निशामक दल पंपाला लांब नळी लावून पायाच्या बाजूनं पाणी सोडतं आणि माणूस काढतं. त्याला वेळ लागतो. भरती थांबत नाही.

1988 मध्ये एका तरुणीचा पाय असा अडकला. मदत पोचली होती, पण पाय सुटण्याआधी पाणी चढलं. 2023 च्या मे महिन्यात होप गावाजवळ विशीतला एक मुलगा मित्रांबरोबर गाळावर चालत गेला आणि कमरेपर्यंत रुतला. तोही वाचला नाही. दोन्ही वेळी माणसं शेजारी उभी होती.

मी स्वतः काय पाहिलं ते सांगते. पहिल्याच वर्षी होपला काठाच्या गवतात उभी राहून हातातली काठी पुढच्या गाळावर टेकवली. काठीच्या टोकाभोवती हातभर जागा खरवसासारखी थरथरली आणि वर पाण्याची चकाकी आली. काठी वीतभर आत गेली होती. मी ओढली, आली नाही. जावयानं दोन्ही हातांनी हलवून हलवून काढली तेव्हा टोकाची रबरी टोपी आतच राहिली. मी गवतातच उभी होते, एक पाऊल पुढे टाकलं नव्हतं. तुमच्या पायांना चिखलाची सवय आहे, आणि ती सवयच तिथे फसवेल. म्हणून सांगते, काठावरून बघा.

तिथे पांढरे देवमासे खरंच दिसतात का? किती आहेत? (एक विद्यार्थी, इयत्ता सातवी, सांगली)

दिसतात, बाळा. त्यांना बेलुगा म्हणतात. रशियन भाषेत पांढऱ्याला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आलं. पिल्लू जन्मतं तेव्हा गडद करडं असतं, वाढत जातं तसं उजळतं. पाठीवर पर नसतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी लाटेचा फेस आणि बेलुगाची पाठ सारखीच दिसते. ओळखायची युक्ती माझ्या नातवानं शिकवली : पांढरं दिसलं की बोट रोखून ठेवायचं आणि वीसपर्यंत मोजायचं. फेस विरून जातो, बेलुगा थोडं पुढे जाऊन पुन्हा वर येतो.

पाणी एवढं गढूळ की त्यात हातभर पुढचंही दिसत नाही. बेलुगा आवाज काढतो आणि परत आलेल्या आवाजावरून मासा कुठे आहे ते ओळखतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सॅमन मासे नद्यांकडे निघतात, तेव्हा त्यांच्या मागे बेलुगा भरतीबरोबर आत येतात.

किती आहेत हा तुझा प्रश्न महत्त्वाचा. कुक इन्लेटचे बेलुगा इतर बेलुगांपासून वेगळे, ते बारा महिने इथेच राहतात. 1979 मध्ये सुमारे 1,300 होते. 1990 नंतरच्या काही वर्षांत शिकार फार झाली. ती थांबली, 2008 मध्ये त्यांना धोक्यातली जात म्हणून संरक्षण मिळालं, तरी आज ते तीनशेच्या आसपासच आहेत. शिकार बंद होऊनही संख्या का वाढत नाही, यावर अजून अभ्यास चालू आहे. जहाजांचा आवाज हे एक कारण असावं असं मानतात. तू मोठा झालास की यात लक्ष घाल. मला तुझं अक्षर फार आवडलं.

लेखासोबतच्या फोटोत करड्या, पानं नसलेल्या झाडांचं रान आहे. वणवा लागला होता का? (एक वाचक, कोल्हापूर)

वणवा नाही, भूकंप. 27 मार्च 1964, गुड फ्रायडेची संध्याकाळ, तीव्रता 9.2. साडेचार मिनिटं जमीन हलत राहिली. खाडीच्या वरच्या टोकाशी पोर्टेज नावाचं छोटं गाव होतं, तिथली जमीन दोनेक मीटर खचली. त्यानंतर प्रत्येक मोठ्या भरतीला खारं पाणी गावात यायला लागलं, गाव सोडावं लागलं. स्प्रूसच्या मुळांशी मीठ पोचलं आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. त्याच मिठामुळे ती कुजली नाहीत, साठ वर्षं झाली तरी उभी आहेत. जवळच्या गर्डवुडनं आपली वस्ती आत डोंगराकडे हलवली. तिथे काठाशी खणलं तर गाळाखाली आणखी जुन्या, गाडल्या गेलेल्या रानाचे थर सापडतात, म्हणजे हे खचणं याआधीही झालेलं आहे. 2021 च्या जुलैत आमच्या चिपळुणात पूर भरला, तो पाऊस आणि भरती एकत्र आल्यानं आणखी वाढला. त्यानंतर ही झाडं मी वेगळ्या डोळ्यांनी पाहते.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं (दोन मुलं, 9 आणि 14) अँकरेजला चार दिवस आहोत. खाडीकाठी काय करावं? आम्ही शाकाहारी आहोत. (ठाणे)

सगळं एका रस्त्यावर आहे, सिवर्ड हायवे. मैलांचे आकडे सिवर्डपासून मोजलेले, त्यामुळे अँकरेजहून निघालात की आकडे उतरत जातात : बेलुगा पॉइंट 110 वर, बर्ड पॉइंट 96 वर. दिवसाही दिवे लावूनच गाडी चालवायची, आणि तुमच्या मागे पाच गाड्या खोळंबल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचं, असा तिथला कायदा आहे. बघायचं असेल तर जागा शोधून थांबा. चालवता चालवता खाडीकडे बघण्याचा मोह वाईट, तो रस्ता अपघातांसाठी ओळखला जातो.

मुलं सायकल चालवत असतील तर एक अख्खा दिवस बर्ड टू गर्ड वाटेला द्या. इंडियन गावापासून बर्ड क्रीकवरून गर्डवुडपर्यंत 21 किलोमीटर, बराचसा भाग जुन्या रस्त्यावरचा, डांबरी, गाड्यांपासून वेगळा. चढ आहेत, पण नऊ वर्षांचं मूल थांबत थांबत करतं, माझ्या नातवानं आठव्या वर्षी केलं. वाटेत बर्ड क्रीकला सिल्व्हर सॅमन पकडणारे खांद्याला खांदा लावून पाण्यात उभे असतील. तिथे अस्वलंही येतात. अस्वलासाठीचा फवारा विकत घ्या आणि वापरायचा कसा ते दुकानातच विचारून घ्या. चालताना बोलत राहा. खाण्याचं गाठोडं कुठे उघडं ठेवून जाऊ नका, दशमीचा वासही त्यांना पुरतो.

डोंगरात चालायचं तर मॅकह्यू क्रीकपासून टर्नअगेन आर्म ट्रेल. रेल्वे बांधताना वापरात होती ती वाट, खाडीला समांतर, उजवीकडे सतत पाणी. विंडी कॉर्नरला वर कड्याकडे बघा, पांढऱ्या रानमेंढ्या दिसतात, कधी कधी पार रस्त्यापर्यंत उतरतात. त्या जागेचं नाव अगदी खरं आहे, टोपी हातात धरा. याच वाऱ्यावर पुढे लोक पतंग बांधून पाण्यावर घसरत जाताना दिसतील.

पोर्टेजला हिमनदीसाठी जाल तर एक सांगून ठेवते. 1986 मध्ये तिथे काचेच्या खिडक्यांची इमारत बांधली ती खिडकीतून हिमनदी दिसावी म्हणून. आता ती वळणाआड गेली, बघायला तळ्यात बोटीनं जावं लागतं. मुलांना ती खिडकी आधी दाखवा आणि मग बोटीत बसवा. पुढे व्हिटियर गावाला नेणारा बोगदा चार किलोमीटरचा, एकाच मार्गिकेचा, त्यातूनच आगगाडीही जाते. पाळी ठरलेली असते, वेळा बघून निघा.

खाण्याचं : शहरात अडचण नाही, खाडीकाठी दुकानं मोजकी. थालीपीठं, लिंबाचं लोणचं, दह्याचा डबा बरोबर घ्या. ऑगस्टमध्ये गर्डवुडच्या डोंगरात ब्लूबेरी पिकलेल्या असतात, मात्र ओळखीच्या माणसाबरोबरच तोडा.

हिवाळ्यात ही खाडी गोठते का? (एक वाचक, बडोदे)

पूर्ण गोठत नाही, भरती तिला गोठू देत नाही. बर्फाचे खोलीएवढे ठोकळे दिवसातून चार वेळा इकडून तिकडे जातात आणि ओहोटीला गाळावर बसून राहतात. डिसेंबरात उजेड साडेपाच तासच. मी होते त्या आठवड्यात हायवेच्या कड्यांवरून गळणारं पाणी गोठून निळे खांब झाले होते आणि तरुण मुलंमुली दोर बांधून, हातात टोकदार कुदळी घेऊन त्यावर चढत होती. खाली गाड्या जात होत्या.

माझं वय 71, गुडघे दुखतात. लेक म्हणते आई, ये. मी येऊन तिथे काय करू? (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

या, नक्की या. पॉटर मार्शला लाकडी पूल आहे, सपाट, कठडा असलेला, जागोजागी टेकायला जागा. 1917 मध्ये रेल्वेचा बांध घातला तेव्हा ओढ्यांचं पाणी अडलं आणि ही दलदल तयार झाली. मे-जूनमध्ये तिथे आर्क्टिक टर्न असतात. एवढासा पक्षी, अंटार्क्टिकापासून उडत येतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत पुलाखालचा मासा उचलतो. जुलैनंतर लाल झालेले सॅमन त्याच पुलाखालून वर जातात, वाकायचीही गरज नाही.

आणि बर्ड पॉइंटला गाडीतळापासून जवळच बसायला जागा आहे. तिथे थर्मासमधून चहा घेऊन बसायचं. लाटेच्या वेळा मी लेकीला कागदावर लिहून देईन, तिचा पत्ता संपादकांकडे पाठवा. पाठीला शाल लागेल, जुलैतसुद्धा.